अटींची राखण

डहाणूच्या वीजकेंद्राची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती मार्च १९९१ मध्ये संपवतात. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या बीएसईएस कंपनीने डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे ५०० मेगावॉटचे केंद्र उभारायचे ठरवले. २९ मार्च १९८९ रोजी केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने त्याला मंजुरी दिली. तालुक्यातले रहिवासी उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले. सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही हरले. आणि १९९५ च्या सुमारास केंद्र सुरू झाले. ऐकणारा मान डोलावतो, ‘शेवटी व्हायचे तेच झाले’ म्हणतो आणि विषय बदलतो. स्थानिक विरोधाचा जमाखर्च मांडण्याची आपली रीतच अशी आहे की, प्रकल्प गेला तर लढा जिंकला आणि प्रकल्प आला तर लढा वाया गेला. डहाणूच्या बाबतीत ही रीत सपशेल फसते, कारण तिथल्या लोकांचे सर्वांत मोलाचे काम ते हरल्यानंतरचे आहे.

मी याविषयी तटस्थपणे लिहू शकत नाही, त्याचे कारण आधीच सांगून टाकते. माझे आजोळ बोर्डीचे, म्हणजे डहाणू तालुक्यातले, आणि माझे घर मुंबईच्या पश्चिम उपनगरात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा विजेच्या बिलावर बीएसईएसचे नाव होते, पुढे रिलायन्सचे आले आणि २०१८ पासून अदानींचे आहे. डहाणूचे केंद्रही त्याच क्रमाने एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले. तारेतून येणाऱ्या विजेला तिचे गाव विचारता येत नाही हे खरे. पण ते केंद्र उभे राहिले ते आमच्यासारख्या उपनगरी ग्राहकांसाठी, आणि ही गोष्ट कधी लपवलेलीही नव्हती. सुट्टीत मामांच्या पडवीत ‘थर्मल नको’ हे शब्द ऐकत मी मोठी झाले आणि आज त्याच थर्मलच्या विजेवर माझा फ्रीज, माझे पंखे आणि हा मजकूर लिहिण्याचा संगणक चालतो. या दोन बाजूंपैकी कोणतीही एक सोडून देणे मला जमलेले नाही.

डहाणू म्हटले की मुंबईकरांना चिकू आठवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणी बागायतदारांनी तो इथे रुजवला, पुढे किनारपट्टीच्या गावांत वाड्यांमागून वाड्या उभ्या राहिल्या आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले. या झाडाचा एक स्वभाव समजून घेतल्याखेरीज बागायतदारांची भीती समजत नाही. आंबा वर्षातून एकदा मोहोरतो, तेवढे दोन-तीन महिने जपले की शेतकरी थोडा श्वास घेतो. चिकूला अशी सवलत नाही. एकाच फांदीवर कळी, उमललेले फूल, हिरवट कोवळे फळ आणि उतरवायला आलेले फळ शेजारी शेजारी असतात; फूल धरल्यापासून फळ तयार व्हायला आठ-दहा महिने जातात; आणि लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून माणसे जवळपास वर्षभर तोडणी करत राहतात. हवेत जे काही असेल ते बाराही महिने कुठल्या ना कुठल्या फुलावर बसणार. वाड्यांच्या पश्चिमेला मच्छीमारांची गावे, जिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत असतात, आणि पूर्वेला डोंगराच्या अंगाने वारल्यांचे पाडे. खाडीकाठच्या त्या एका जागेशी या तिघांचाही संबंध होता, मात्र तो सारखा नव्हता. त्याकडे पुढे येते.

कोळशाचा हिशेब कोणालाही घरी बसून करता येतो, आणि करावा. भारतीय कोळशात गंधक कमी असते, साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि राख मात्र तीस ते चाळीस टक्के. एक युनिट विजेला साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ५०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालल्यावर १ कोटी २० लाख युनिट वीज देते आणि त्यासाठी जवळपास ८,००० टन कोळसा खाते. त्यातले गंधक झाले ४० टन. जळताना ते तितक्याच वजनाचा ऑक्सिजन घेते, म्हणजे दिवसाला सुमारे ८० टन सल्फर डायऑक्साइड. राख अडीच हजार टनांच्या घरात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, केंद्राचा अधिकृत आकडा नव्हे; धुतलेला किंवा आयात केलेला कोळसा वापरला की राख बरीच कमी होते. परंतु विरोध करणाऱ्यांना ‘अडाणी’ किंवा ‘विकासविरोधी’ म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. डहाणूची चिमणी २७५ मीटर उंच आहे. चिमणी उंच असली की वायू लांबवर पसरतो आणि जवळ विरळ होतो. तो नाहीसा होत नाही.

या वायूवर उपाय मात्र आहे. धूर चिमणीत जाण्याआधी तो धुऊन त्यातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणाऱ्या यंत्रणेला फ्लू गॅस डिसल्फरायझेशन म्हणतात. डहाणूत सगळेच तिला एफजीडी म्हणतात, आणि ज्यांना इंग्रजीचा गंध नाही असे लोकही ही तीन अक्षरे अचूक उच्चारतात. १९८९ च्या मंजुरीत ही यंत्रणा बसवण्याची अट होती. सगळी पुढची गोष्ट या एका अटीभोवती फिरते.

त्या काळी आजच्यासारखी जनसुनावणी नव्हती. प्रकल्पापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घेणे भारतात १९९७ मध्ये बंधनकारक झाले, म्हणजे डहाणूच्या मंजुरीनंतर आठ वर्षांनी. त्यामुळे गावात काय येणार आहे, किती कोळसा जळणार आहे, राख कुठे टाकणार आहेत, हे कळण्याचा मार्ग म्हणजे कोणाच्या तरी ओळखीने कागद मिळवणे. ते कागद इंग्रजीत, तांत्रिक भाषेत आणि दिल्लीत. ज्यांना हे पेलवले त्यांत नर्गिस इराणी यांच्यासारख्या बागायतदार घरातल्या स्त्रिया पुढे होत्या, मुंबईतले काही पर्यावरण कार्यकर्ते होते आणि फी न पाहता उभे राहणारे काही वकील होते. माझे मामा याचिका करणाऱ्यांपैकी नव्हते. ते निवृत्त शिक्षक, बैठकांना जाणारे आणि मिळेल त्या कागदाची झेरॉक्स काढून आणणारे. त्यांच्या कपाटात कापडी पाठीची एक जाड फाइल होती. मंजुरीच्या पत्राची प्रत तिच्यात सर्वांत वर लावलेली, एफजीडीच्या अटीखाली लाल पेन्सिलीची रेघ आणि समासात त्यांच्या वळणदार अक्षरात प्रत्येक अवघड शब्दाचा मराठी अर्थ. खटला हरल्यानंतरही ही फाइल का बाळगता, असे मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, “अगं, आता तर हिची खरी गरज. परवानगी कुठल्याही कचेरीत सापडेल. अटी कोणत्या होत्या, ते आपल्यालाच सांगावं लागणार.”

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये याचिका फेटाळली, तेव्हा कारण असे दिले की, प्रकल्पाचा लाभ आणि निसर्गाची हानी यांचा तोल पाहणे हे मुख्यतः सरकारचे काम आहे. सरकारने सर्व बाबींचा विचार केला होता की नाही एवढेच न्यायालय पाहील, आणि तसा विचार झाल्याचे दिसते. निकालातला हा भाग वर्तमानपत्रांत आला. त्यातला दुसरा भाग फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. एफजीडीची खरोखर गरज आहे का, असा सूर कंपनीने तोवर लावलेलाच होता. त्यावर न्यायालयाने बजावले की, परिणामांचा पुरता विचार केल्याशिवाय ही अट शिथिल करू नये. हरलेल्या लोकांच्या हाती एवढेच एक वाक्य उरले होते. त्यांनी ते सोडले नाही.

निकालानंतर तीनच महिन्यांनी, २० जून १९९१ रोजी, केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. उद्योगांना तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर जागा, प्रदूषणानुसार त्यांची लाल, नारिंगी आणि हिरवी वर्गवारी, आणि भोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा, असे त्याचे स्वरूप होते. आधी वीजकेंद्राला परवानगी आणि मग परिसर नाजूक असल्याची घोषणा, हा क्रम सरकारी खाक्याला धरूनच होता म्हणायचा. पण घोषणा कागदावर राहू लागली तेव्हा पुन्हा याचिका झाली, नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तालुक्याचा अभ्यास केला आणि ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तालुक्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले आणि निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले.

दादा धर्माधिकारींचे हे चिरंजीव खादी वापरणारे आणि गांधीविचारात वाढलेले होते. पण त्यांच्या अध्यक्षपदाचे महत्त्व माझ्या मते त्यांच्या विचारांहून त्यांच्या चिकाटीत होते. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवरची दोन दशकांहून अधिक वर्षे त्यांनी हे काम सोडले नाही. सरकारी समित्यांचे अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात, कंपनीचे अधिकारी बदलतात आणि प्रत्येक बदलाबरोबर जुनी अट थोडी पुसट होत जाते. डहाणूत मात्र समोर बसलेल्या माणसाला मागची प्रत्येक तारीख आठवत होती आणि प्रेक्षकांच्या बाजूला बसलेल्या लोकांनाही ती आठवत होती. त्या सुनावण्यांत साध्या माणसालाही मराठीत उभे राहून बोलता येई. मामा सांगत की, पहिल्या काही वेळी लोक गाऱ्हाणी मांडत, पुढे पुढे ते कागदाचा क्रमांक सांगून बोलू लागले. ही गावाने स्वतःला दिलेली शिकवणी होती, आणि तिची नोंद कुठल्याही निकालपत्रात नाही.

मे १९९९ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला सहा महिन्यांत एफजीडी बसवायला सांगितले. त्यावर पुन्हा न्यायालये, पुन्हा मुदती. २००३ मध्ये कंपनी रिलायन्सकडे गेली. २००५ मध्ये प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली, उच्च न्यायालयाने ती १०० कोटींवर आणली, आणि अखेर ऑक्टोबर २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. मंजुरीपासून अठरा वर्षे, केंद्र सुरू झाल्यापासून सुमारे बारा वर्षे. या काळात जन्मलेली मुले कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली होती. याला विजय म्हणावे का, याबद्दल मामांच्या पडवीत एकमत नव्हते, आणि माझेही मत पक्के झालेले नाही. एक गोष्ट मात्र खात्रीने सांगता येते. हे केंद्र देशाच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात, अट लक्षात ठेवणारे कोणी नसलेल्या ठिकाणी उभे असते, तर २००७ मध्येही ती यंत्रणा आली नसती.

इथे विषय थोडा अवघड होतो, आणि कौतुकाच्या भरात तो भाग गाळला जातो. डहाणूची एफजीडी समुद्राच्या पाण्यावर चालते. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. धूर त्या पाण्याच्या धारांमधून नेला की सल्फर डायऑक्साइड विरघळतो, पाण्यातली बायकार्बोनेटे त्याची आम्लता मारतात, मग त्यात हवा फुंकून त्याचे सल्फेट केले जाते आणि पाणी परत समुद्रात सोडले जाते. समुद्रात सल्फेट मुळातच भरपूर असल्याने रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही स्वच्छ पद्धत समजली जाते. चुन्याचे डोंगर आणावे लागत नाहीत आणि जिप्समचे ढीग उरत नाहीत. पण या वाक्यातला ‘परत समुद्रात’ हा भाग बागायतदाराला जितका सहज वाचता येतो, तितका मच्छीमाराला वाचता येत नाही. हवेतले काढून पाण्यात सोडणार असाल तर ते पाणी कसे आहे, किती गरम आहे, खाडीच्या तोंडाशी त्याचे काय होते, हे कोण मोजणार, असा त्यांचा प्रश्न होता. हवेची मोजणी करणारी यंत्रे लवकर लागली. खाडीच्या पाण्यावर तेवढी नजर कोणी ठेवली असे मला दिसत नाही. चिकूची बाजू मांडायला बागायतदारांकडे शिक्षण होते, वकील होते, मुंबईत ओळखी होत्या. बोंबलाची बाजू मांडणाऱ्यांचा दिवस भरती-ओहोटीने ठरतो, आणि सुनावणीची तारीख भरती पाहून लावली जात नाही.

वारल्यांचे तर आणखी वेगळे. तालुक्यात बहुसंख्य तेच, आणि विरोधाचा इतिहासही त्यांचाच जुना. १९४५ मध्ये याच पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध त्यांचा उठाव झाला होता. त्यांच्या लेखी बागायतदार हा प्रथम जमीनमालक आणि मजुरी देणारा होता, पर्यावरणाचा राखणदार नंतर. वीजकेंद्राविरुद्धच्या याचिका आणि वन-जमिनींसाठीचा आदिवासींचा झगडा हे दोन्ही एकाच तालुक्यात, एकाच काळात चालले, पण क्वचितच एका मांडवाखाली आले. चिमणीवरचे लाल दिवे ज्या पाड्यांवरून रात्री दिसत, त्यांतल्या कितीतरी घरांत तेव्हा चिमणीचाच उजेड होता. ‘रहिवाशांचा विरोध’ असा शब्द आपण वापरतो तेव्हा त्यातले रहिवासी कोण, हे डहाणूने मला विचारायला लावले. त्यामुळे १९८९ चा विरोध खोटा ठरत नाही. तो अपुरा होता एवढेच.

कोकणात थोडे खाली गुहागरला याच दशकात जे घडले ते याच्या अगदी उलट टोकाचे. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पात कोळसा नव्हता, आधी नाफ्था आणि मग वायू असा बेत होता. पण जमीन, पाणी, मासेमारी आणि विजेचा दर या सगळ्यांवरून विरोध पेटला, १९९५ च्या निवडणुकीत प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या, सत्ता आल्यावर तोच प्रकल्प नव्या करारासह परत आला, आणि जून १९९७ मध्ये वेलदूरच्या कोळी वस्तीत पहाटे पोलीस शिरले, तेव्हा त्यांनी ज्यांना पकडून नेले त्यांत बहुसंख्य बाया होत्या. पुढे २००१ मध्ये महागड्या विजेपायी राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली आणि केंद्र बंद पडले. विरोधक खर्चाबाबत जे सांगत होते ते खरे ठरले; पण त्यांच्या सांगण्यामुळे ते बंद पडले, असे म्हणता येत नाही. तिथे लोकांच्या हाती धरून ठेवण्यासारखी एकही अट उरली नव्हती.

नागपूरजवळच्या कोराडीचे उदाहरण मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे लोक अजून वाटेत आहेत. महानिर्मितीचे प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन संच तिथे चालू असताना आणखी दोन तशाच संचांचा प्रस्ताव आला, आणि मे २०२३ मध्ये त्यावर जनसुनावणी झाली. विदर्भातल्या मेच्या उन्हात, कडक बंदोबस्तात. विरोध करणाऱ्यांचा मुख्य प्रश्न साधा होता: चालू असलेल्या संचांना अजून एफजीडी नाही, मग नव्या संचांच्या आश्वासनांवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? त्याच्या आदल्याच पावसाळ्यात, जुलै २०२२ मध्ये, खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरले होते. ज्याच्या शेतावर राखाडी गाळाचा थर बसला आहे, त्याला हवेच्या गुणवत्तेचे तक्ते दाखवून उपयोग नसतो. सुनावणीची तरतूद कायद्यात आली हे खरेच मोठे पाऊल होते. पण ती परवानगीच्या आधी एकदाच होते. परवानगीनंतर पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, ‘तुम्ही कबूल केले होते ते दाखवा’ म्हणायला तशीच सुनावणी कायद्यात नाही. डहाणूला ती मिळाली, तीही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आणि अपवाद म्हणून.

आणि आता अटीच मागे घेतल्या जात आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने सगळ्या औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना, म्हणजे सुमारे चार-पंचमांश क्षमतेला, एफजीडीच्या सक्तीतून मोकळे केले. दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीची शहरे यांच्या १० किलोमीटर आत असलेल्या केंद्रांना ती सक्ती राहिली, अतिप्रदूषित भागांजवळच्यांचा निर्णय एकेकट्याने होईल, बाकीच्यांना सूट. सूट देणाऱ्यांची बाजू अशी की, आपल्या कोळशात गंधक कमी आहे, यंत्रणेचा खर्च अवाढव्य आहे, ती चालवायला लागणारी वीज आणि चुनखडी यांचाही पर्यावरणावर बोजा पडतो. यातले प्रत्येक म्हणणे तपासण्यासारखे आहे आणि सरसकट थट्टेवारी नेण्यासारखे नाही. पण अंतर मोजायची फूटपट्टी शहराच्या लोकसंख्येवर ठेवली, याचा अर्थ काय होतो ते गावात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. या फूटपट्टीने १९८९ चे डहाणू मोजले असते तर ती अट मुळात घातलीच गेली नसती.

डहाणूचे प्राधिकरणही आता पूर्वीचे राहिलेले नाही. १९९८ मध्ये त्याने वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. जुलै २०२३ मध्ये, नव्या अध्यक्षांच्या काळात, त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला अटींसह परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. बंदराचा विषय वेगळा आणि मोठा आहे, तो इथे उघडत नाही. त्यातले ‘अटींसह’ एवढेच मला महत्त्वाचे वाटते. त्या अटींची यादी कोणाच्या फाइलला वर लावलेली आहे, आणि यावेळी ती मच्छीमारांच्या वस्तीत आहे का, हे पाहायला हवे. माझा अंदाज असा की, यावेळी ती तिथे आहे. कारण या वीस-पंचवीस वर्षांत कोळीवाड्यांतली मुले शिकली आहेत आणि कागदाचा क्रमांक सांगून बोलणे त्यांनाही येऊ लागले आहे.

राहता राहिली मी, म्हणजे त्या विजेची ग्राहक. एफजीडीसारखा भांडवली खर्च राज्य वीज नियामक आयोगाने मान्य केला की तो दरातून वसूल होतो. म्हणजे डहाणूच्या लोकांनी अठरा वर्षे भांडून मिळवलेल्या यंत्रणेचे पैसे उपनगरातल्या ग्राहकाच्या बिलातून जातात, प्रत्येक युनिटमागे थोडे थोडे. ते तसेच असायला हवे असे माझे मत आहे. चिकूने किंवा बोंबलाने ते भरण्यापेक्षा मी भरलेले बरे. परंतु दरनिश्चितीच्या सुनावणीत ग्राहकांच्या हरकती येतात त्या जवळजवळ सगळ्या एकाच सुरात: दर कमी करा. मागणी रास्त आहे, आमच्या इमारतीतल्या निवृत्त मंडळींना वाढीव बिल खरोखर जड जाते. पण त्या दालनात रहिवासी आणि ग्राहक एकमेकांविरुद्ध उभे केले जातात, आणि रहिवासी तिथे हजर नसतो.

यंत्रणा बसवणे आणि ती चालवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एफजीडीबाबत विशेष खरे आहे, कारण ती चालवायला केंद्राला स्वतःचीच वीज खर्च करावी लागते आणि ती बंद ठेवली तर तेवढी वीज वाचून विकता येते. म्हणून पुढच्या दरनिश्चितीची जाहिरात वर्तमानपत्रात आली की ग्राहक या नात्याने एक हरकत दाखल करायचे मी ठरवले आहे. तिचा मसुदा तयार आहे, बोर्डीच्या दोन माणसांना वाचायलाही पाठवला आहे. त्यात दर कमी करण्याची मागणी नाही. ज्या यंत्रणेचा खर्च माझ्या बिलात धरला आहे ती मागच्या वर्षी किती तास चालली, किती तास बंद होती, ती बंद असताना केंद्र चालू होते का, आणि समुद्रात परत सोडलेल्या पाण्याचे तापमान व आम्लता कोणी, किती वेळा मोजली, एवढे चार प्रश्न आहेत. चौथा प्रश्न मसुद्यात नव्हता. तो बोर्डीहून वाढवून आला. हा विषय आमच्या कक्षेत येत नाही, असे आयोग बहुधा कळवेल. म्हणून एक प्रत प्राधिकरणाकडेही पाठवणार आहे, आणि आयोगाचे ते नकाराचे उत्तर लेखी मिळाले तर प्राधिकरणाकडच्या पुढच्या अर्जाला ते जोडता येईल.